लिहून घे, नंबर बदलला

दादा,

काल तुझं तेरावं झालं. लोक जेवले, वहिनीजवळ दोन-दोन वाक्यं बोलून गेले, आणि मी चारच्या बसनं आर्वीला परत आले. आज सकाळी दुकान उघडलं. समोर पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली, संगणक सुरू केला. खाली उजव्या कोपऱ्यात ते दोन चिमुकले पडदे उमटले. तूच शिकवलं होतंस, "लाल दिसले तं लाईन बंद. पिवळे दिसले तं दार ठोकून राह्यला. हिरवे झाले का घरात घेतलं." सकाळी ते पिवळे झाले. मी चहा उकळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसले. पिवळेच राहिले, आणि मग लाल झाले. तू गेलास त्या दिवसापासून ते लालच आहेत.

म्हणजे वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या तुझ्या घरातली ती पेटी, आपली दोन दुकानं जोडणारा तो जुना संगणक, बंद आहे. ती कोणी बंद केली तेही मला माहीत आहे, सांगते पुढे. आधी एक कबूल करते. भाऊ गेला की माहेर गेलं, असं आई म्हणायची तेव्हा मला तिचा राग यायचा. माहेर काय एका माणसाच्या नावावर असतं का, असं मी तिला फाडकन विचारलं होतं. आज त्या लाल पडद्यांकडे बघताना आईचं वाक्य आठवलं आणि खरंच भीती वाटली. वहिनीला फोन करून "पेटी सुरू करा" म्हणायची माझी हिंमत होत नाही. नवरा जाऊन चौदा दिवस झालेल्या बाईला नणंदेनं असं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तुझ्या दुकानातून माझ्या दुकानात येणारी ही वाट बुजून जाईल. अशा पेचात मी तुलाच फोन करायचे.

म्हणून लिहायला बसले. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. हे मागच्या खोलीत एका मोटारीला तार भरत बसलेत. मधूनच डोकावून बघतात, काही विचारत नाहीत.

सुरुवातीला आपल्यात फक्त बस होती, आठवतं? मी लग्न होऊन आर्वीला आले, यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि तू वर्ध्याला पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलेलं. दिवाळीला आलास, मला दारात नुसती बसलेली पाहिलंस आणि म्हणालास, "मंदे, मोटार उघडली का लोकाईले बेअरिंग लागते, सील लागते. थे तूच काऊन नाई ठेवत? बसून राह्यतीच आहेस, तं बसून वीक ना." सासूबाई ऐकत होत्या. मी लाजेनं लाल झाले. पुढच्या आठवड्यात बसच्या टपावरून एक खोकं आलं. त्यात बेअरिंगा, ऑइल सील, बुश, वॉशर, आणि वर तुझी चिठ्ठी: विकलं नाही तर परत घेतो. एकही नग परत गेला नाही, हे तू कधी कबूल केलं नाहीस. "विकलं असन जावयानं," म्हणायचास.

त्या काळी मी कार्डावर यादी लिहून टाकायची, तू बसच्या कंडक्टरकडे माल द्यायचास. घाई असली तर मी एसटीडीच्या खोलीत उभी राहायची. काचेपलीकडे आकडे पळायचे आणि तू निवांतपणे विचारायचास, "जावई कसे आहेत?" मी ओरडायची, "मीटर पळून राह्यलं दादा, जावई मरू दे, सील आहे का सांग." जावई बाहेरच उभे असायचे.

पण यादीनं पोट भरत नव्हतं. एखाद्या भाजीवाल्याची मोटार बंद पडायची, वाफ्यात वांगी उभी, वर ऊन. माझ्याकडे सील नसलं की मी म्हणायची, वर्ध्याला जा, दादाकडे मिळेल. तो बिचारा पन्नास किलोमीटर जायचा आणि तिथंही नसायचं. मग परत. तुला तेच सहन होत नसे. "माणूस माह्या दारातून रिकाम्या हातानं गेला नाई पायजे," हे वाक्य तुझ्या तोंडात इतकं बसलं होतं की वहिनी तुला त्यावरून चिडवायची. शेजारणी साखर मागायला आल्या की म्हणायची, द्या हो, रिकाम्या हातानं जातीन त्या.

मग दोन्ही गावांत टेलिफोनवाल्यांचं ब्रॉडबँड आलं. तू दुकानातल्या मालाची यादी संगणकावर चढवलेली होतीस, कोणता नग किती आणि कोणत्या कप्प्यात. तुझ्या डोक्यात भरलं की ती यादी आर्वीतून दिसली पाहिजे आणि माझा मालही त्याच यादीत असला पाहिजे. नागपूरचा कुणी एजंट आला होता, दर महिन्याला इतके इतके द्या, आम्ही सगळं जोडून देतो म्हणाला. तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. "आपली विहीर आपल्या वावरात पायजे," म्हणालास. दुकानातला जुना संगणक पिपरीच्या घरी आणलास, कारण इन्व्हर्टर घरी होता. एका मासिकासोबत आलेली सीडी घातलीस, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी वाचत बसलास. आयुष्यभर बेअरिंगा आणि वॉशर मोजलेला माणूस तू, तुला कंटाळा येत नसे. वहिनीनं ज्या कोनाड्यात मसाल्याच्या बरण्या ठेवायच्या ठरवलं होतं, तो कोनाडा पेटीनं घेतला. बरण्या सहा महिने खाटेखाली होत्या.

व्हीपीएन म्हणजे काय, हे मी तुला चार वेळा विचारलं. चौथ्यांदा तू चिडलास आणि मग जे सांगितलंस ते मी कधी विसरले नाही. "वावराले जाची सडक कोणाची? सरकारची. तिच्यावरून ट्रक बी जाते, एसटी बी जाते. पण सडकेवरून उतरलं का आपली पांदण लागते. दोन्ही बाजूनं काट्याचं कुपाट, मधातून आपलीच बैलबंडी. इंटरनेट म्हणजे सडक अन् व्हीपीएन म्हणजे पांदण. पांदणीत कोण चाललं, काय घेऊन चाललं, थे सडकेवरच्याले दिसत नाई."

मी म्हटलं, "पांदण पावसाळ्यात चिखलानं बंद पडते."

"थे बी होईन," म्हणालास.

आणि झालंच. पहिल्याच दिवशी. त्या पांदणीची एक किल्ली असते, एक छोटीशी फाईल, ती माझ्या संगणकात असल्याशिवाय तुझी पेटी दार उघडत नाही. ती मेलनं पाठव म्हटलं तर तू मला वेड्यात काढलंस. किल्ली कोणी डाकेनं पाठवते का? किल्ली हातानंच द्याची. मग तू ती फ्लॉपीवर घेतलीस, फ्लॉपी डब्यात, डबा पिशवीत, आणि बसनं निघालास. माझ्याकडचं खाली पडलेले स्क्रू उचलायचं लोहचुंबक तुटलं होतं, तेही मी फोनवर मागितलेलं. तू ते आठवणीनं आणलंस. त्याच पिशवीत. त्याच डब्याला चिकटून.

फ्लॉपी घातली तर आत काहीच नाही. आधी तू माझ्या संगणकाला शिव्या घातल्यास, मग कंपनीला, मग पिशवी उघडली आणि डब्याच्या बुडाला लटकलेलं लोहचुंबक दिसलं. मग तू म्हणालास, "मागवलं कोणं?" आणि मी म्हणाले, "आणलं कोणं?" हे मागच्या खोलीतून हसत बाहेर आले. तू जेवलाही नाहीस, आल्या पावली परत गेलास आणि संध्याकाळच्या बसनं दुसरी फ्लॉपी घेऊन आलास. या खेपेला ती शर्टाच्या खिशात, आणि वर हात धरलेला. सहा वाजता माझ्या पडद्यावर तुझ्या दुकानाची यादी आली. मी वाचत गेले: वर्धा, कप्पा अकरा, ऑइल सील, सतरा नग. मला रडू आलं होतं दादा. मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली. यादी बघून रडते म्हटलं असतं तर तू मला जन्मभर चिडवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं. आता सांगते.

तुझ्या घरातल्या लाईनला एक नंबर असायचा, चार आकड्यांचा, मधे टिंबं. लाईन तुटून परत आली की तो नंबर बदलायचा, आणि मला माझ्याकडच्या फाईलमध्ये नवा घातल्याशिवाय पांदण सापडत नसे. ते भारनियमनाचे दिवस होते. पिपरीत सकाळी वीज जायची, आमच्याकडे दुपारी. इन्व्हर्टर दमला की पेटी झोपायची, उठली की नवा नंबर. म्हणून रोज सकाळी साडेनऊला तुझा फोन. "लिहून घे, नंबर बदलला." मी एक जुनी वही केली होती. तू सांगायचास, "एकोणसाठ, टिंब," आणि मी म्हणायची, "पुढं." अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्यापुढे वीस मिनिटं वहिनीनं काय भाजी केली, तुझा गुडघा, पवनारच्या तुझ्या मित्राच्या मळ्यातली कोबी, कोण कुठे आजारी. लग्न झाल्यापासून दहा-बारा वर्षांत आपण जितकं बोललो नव्हतो तितकं त्या नंबरांच्या नावाखाली बोललो.

एकदा नंबर बरोबर, किल्ली बरोबर, तरी दार उघडेना. दोन दिवस तू फोनवरून मला संगणकाच्या कानाकोपऱ्यातून फिरवलंस. शेवटी विचारलंस, "तारीख किती दाखवते?" बघते तर आतला सेल संपलेला, आणि माझा संगणक कितीतरी वर्षं मागं जाऊन बसलेला. तू इतका हसलास की वहिनी धावत आली. "तुह्या संगणकाच्या लेखी थे किल्ली अजून बनलीच नाई. मंग दार कसं उघडन?" गेल्या चौदा दिवसांत हे मला फार वेळा आठवलं. काल बसमध्ये वाटलं, घरी जाऊन सेल काढावा आणि तारीख मागं न्यावी. मूर्खपणा आहे, माहीत आहे. फक्त तुला सांगते.

आता पोळ्याचं. टाळून चालणार नाही.

पोळ्याच्या दिवशी तू पेटी बंद करायचास. पहिल्या वर्षी मला वाटलं बिघडली. फोन केला तर म्हणालास, "बैलाले वर्षातून एक दिवस सुट्टी असते, याले नाई का? वर्षभर जुंपला आहे." पुसून घ्यायचास, हळद-कुंकू लावायचास, वहिनीकडून पुरणपोळीचा नैवेद्य. आदल्या संध्याकाळी मला फोन, बैलाला म्हणतात तसंच, "आवतण घ्या, उद्या जेवायले या." आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला, "उठला बैल. लिहून घे." तेव्हापासून पेटीचं नावच बैल पडलं. दरवर्षी मी भांडायची. असली यंत्रं बंद करायची नसतात, जगात कुणी करत नाही. तू म्हणायचास, जगात पोळा बी नाई.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सकाळी एक ग्रामपंचायतीचा माणूस आला. गावाच्या नळयोजनेची मोटार बसली होती. सणाचा दिवस, बैलं धुवायला पाणी नाही, पुरण शिजवायला पाणी नाही. त्याला ६३०८ची बेअरिंग हवी होती. समोरच्या कप्प्यात नव्हती. यादी बघावी तर बैल झोपलेला. तुला फोन केला, लागला नाही, तू पवनारला मित्राच्या मळ्यात पोळ्याला गेलेला. मी त्या माणसाला वर्ध्याला धाडलं. त्यानं दुपारी तुला गाठलं, तू बंद दुकान उघडलंस, कप्पे उपसलेस, नाही मिळाली. तो रिकाम्या हातानं गेला. तुझ्या दारातून.

दुसऱ्या दिवशी बैल उठला. नंबर दिलास, आणि दहा मिनिटांत परत फोन. "मंदे, यादी पाह्यली? तिरसठ आठ तुह्याच घरी आहे. आर्वी, मागचा कप्पा, खालचा खण. दोन नग." मी उठून बघितलं. होत्या. तेलकट कागदात, माझ्याच हातानं ठेवलेल्या.

तू म्हणालास, "बैल एक दिवस झोपला तं तुले तुहं घर दिसेनासं झालं?"

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले, "तुह्याच नादानं आंधळी झाली मी. तुह्या पांदणीच्या आधी मले माह्या दुकानातला खिळा न् खिळा मालूम होता. घेऊन जा तुहा बैल." आणि फोन ठेवला. हे बघत होते. म्हणाले, जरा जास्त झालं. मला माहीत होतं जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तुझा फोन आला. "लिहून घे." नंबर. मी लिहिला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी तसंच. आठ दिवस आपण एवढंच बोललो, चार आकडे आणि तीन टिंबं. नवव्या दिवशी तू नंबर सांगितलास आणि फोन न ठेवता म्हणालास, "वहिनीनं आज अंबाडीची भाजी केली." मी म्हटलं, "तुले पचत नाई थे." एवढ्यावर मिटलं. माफी कुणीच मागितली नाही. आपल्या घरात तशी पद्धतच नाही.

आणि आता ते दुसरं, जे मी कधीच बोलले नाही. दोन वर्षांपासून नंबर बदलत नव्हता. माझ्या वहीत पानंच्या पानं तोच नंबर आहे, शेवटी सत्तेचाळीस. पहिल्या आठवड्यात वाटलं योगायोग. मग तुमच्याकडे दिवसभर वीज नव्हती तरी दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीसच. मी इथल्या टेलिफोन ऑफिसात चौकशी केली, त्यांनी सांगितलं की अर्ज केला तर पक्का नंबर मिळतो, मग बदलत नाही. म्हणजे तू अर्ज केला होतास आणि मला सांगितलं नव्हतंस. तरी रोज साडेनऊला, "लिहून घे, नंबर बदलला." मी रोज पेन शोधायची, "थांब, वही घेऊ दे" म्हणायची, आणि तोच नंबर परत लिहायची. एकदा तू आकडा सांगायच्या आधीच माझ्या तोंडून सत्तेचाळीस निघणार होतं. मी जीभ चावली. मला माहीत आहे हे तुला कळलं तर फोन थांबेल, असं मला वाटायचं. तुला कळलं होतं का दादा? हा प्रश्न आता कुणाला विचारू?

यंदाच्या पोळ्याला तू नुसतं आवतण दिलं नाहीस. म्हणालास, "या खेपेले तू येजो. तूच बंद करजो तुह्या हातानं, म्हणजे भांडण नाई." मनात आलं होतं यायचं. मग वाटलं, गेलं तर आपण चुकलो असं मान्य केल्यासारखं होईल. मी म्हटलं, दुकान आहे, पुढच्या वर्षी बघू. तू म्हणालास, "पाह्य." तेवढंच. वहिनीनं काल सांगितलं की तू त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पेटी सुरू ठेवली होतीस. मी येईन म्हणून. नैवेद्य झाकून ठेवलेला.

एवढं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले.

तू गेलास त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कोनाड्यात पेटी सुरू होती, तिचा पंखा घरघरत होता. कुणीतरी म्हणालं, हे काय वाजून राह्यलं? वहिनी उठली, कुणाला न विचारता बटण बंद केलं, आणि वर तुझा टॉवेल टाकला. मला वाटलं, ठीक आहे, आज आवाज नको. पण दहाव्यालाही टॉवेल तसाच, काल तेराव्यालाही तसाच. जेवणं चालू असताना मी कोनाड्यापुढे उभी राहिले. टॉवेलाला हात लावला आणि मागं घेतला. पाठीमागे दोघं-तिघं बोलत होते की दुकान आता काढून टाकावं, बाईमाणसानं पाने-बेअरिंगा कशाला धराव्या. मला वळून सांगता आलं असतं की मी पंधरा वर्षं धरतेय. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तोंडाची फटकळ म्हणून मी आख्ख्या घराण्यात बदनाम, आणि ऐन वेळी गप्प बसले. वहिनी वाढत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, येते वहिनी. ती म्हणाली, "येजा." पेटीचं ना तिनं काढलं, ना मी.

तर असं आहे. पाच वाजत आलेत. पडदे लाल आहेत. मी उद्या फोन करणार नाही, परवाही नाही. थोडे दिवस जाऊ देते, असं मनाला सांगते, आणि मनाला माहीत आहे की थोडे दिवस गेले की मग सगळेच दिवस जातात.

हे काल इथवर लिहून वहीतच ठेवलं होतं, त्याच नंबरांच्या वहीत, मागच्या पानांवर.

आज सकाळी दुकान उघडलं. संगणक लावला, कोपऱ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. यांना चहा दिला. फोन वाजला. घड्याळात साडेनऊ, आणि मोबाईलवर तुझं नाव. तुझाच फोन तो, दादा, तुझ्या नंबरवरून. फोन वाजतच होता. हे म्हणाले, "घे ना."

मी घेतला. आधी नुसता पंख्याचा आवाज, घरघर. मग वहिनीचा आवाज, वाचून दाखवल्यासारखा, "उठला बैल. लिहून घ्या, मंदाताई."

मी खुर्ची ओढून बसले.

"टॉवेल काढला, धुऊन टाकला," वहिनी म्हणाली. "बटन दाबलं. दोन दिवे लागले. तुमचे दादा कुंकू लावत, मी हळदच लावली. बरोबर केलं का?"

"बरोबर केलं," मी म्हटलं.

"दुकानाची किल्ली मी घेतली आहे. दहाले उघडते. लोकं काय म्हणते थे ऐकलं मी परवा, वाढता वाढता. पण मले कप्पे मालूम नाई. कोणतं सामान कुठी आहे, थे तुमच्या पडद्यावर दिसते म्हणे. कोणी आलं तं मी फोन लावते, तुम्ही आर्वीवरून सांगा. रिकाम्या हातानं नाई पाठवाचं कोणाले."

मी कोपऱ्याकडे बघितलं. पडदे पिवळे होते. बघता बघता हिरवे झाले.

"हां, लिहून घ्या आता," वहिनी म्हणाली. "भिंतीवर चिकटवलेलं आहे त्याईच्या हातचं. एकोणसाठ, टिंब..."

"वहिनी," मी म्हटलं, "थो नंबर बदलत नाई. दोन वर्षं झाली. तोच आहे."

मागं तुझा बैल घरघरत होता.

"मालूम आहे," ती म्हणाली. "त्याईले बी मालूम होतं का तुम्हाले मालूम आहे. म्हणत, मंदी बोलत नाई तोवर आपुन काऊन बोलाचं. पेन घेतला का?"

मी म्हटलं, थांबा, वही घेऊ द्या.